किल्ली कुणाच्या कमरेला

वेड्यांच्या इस्पितळात घडणाऱ्या भयपटांची सुरुवात जवळपास ठरलेली असते. रात्र, पाऊस, उंचावरची जुनी दगडी इमारत आणि लोखंडी फाटक. कुणी नवा माणूस आत जातो आणि फाटक त्याच्यामागे लागते. शंभर वर्षांत हे दृश्य इतक्यांदा पडद्यावर आले आहे की त्याची धार कधीच बोथट व्हायला हवी होती. ती झालेली नाही. पडक्या वाड्यातल्या भुताला आजची मुले हसतात, या फाटकाला हसत नाहीत. भुतावर विश्वास नसला तर भूत आपले काही बिघडवू शकत नाही. फाटकाचे तसे नाही. कागदावर सह्या पडल्या की ते कुणाच्याही मागे लागू शकते, आणि मग ‘मी शहाणा आहे’ असे तो माणूस जितक्या जोराने सांगेल तितके ते लक्षण म्हणून लिहून घेतले जाईल.

हे पुस्तक अशा चित्रपटांविषयी आहे. स्वप्नासारखी तुटक मांडणी, वाकड्यातिकड्या भिंती, लांबलचक सावल्या, बंद दारांमागचे आवाज आणि या सगळ्याच्या मध्यभागी एक डॉक्टर. पुढचे लेख एकेक चित्रपट घेऊन त्याची उकल करतात, त्यांचे काम मी इथे करणार नाही. मला एकच म्हणणे मांडायचे आहे. या चित्रपटांत खरी भीती असते ती किल्लीवाल्याची. कोण वेडा आणि कोण शहाणा हे ठरवण्याचा अधिकार एका माणसाच्या हाती एकवटला की काय होते, हे ज्या दिग्दर्शकांनी ओळखले त्यांचे चित्रपट टिकले. ज्यांनी रुग्णालाच भूत करून टाकले त्यांचे चित्रपट विसरले गेले, पण विसरले जाण्याआधी पुष्कळ नुकसान करून गेले.

मी हे केशोरीत बसून लिहितो आहे. गोंदिया जिल्ह्याचे हे दक्षिण टोक. अर्जुनी मोरगाव तालुका, चहूकडे जंगल, पलीकडे गडचिरोलीची हद्द, आणि गावाचे नाव बाजारात निघते ते मिरचीमुळे. इथे या विषयाचे काय काम, असे वाचकाला वाटेल. पण झाडीपट्टीतल्या माणसाला ‘पागलखाना’ हा शब्द परका नाही. पुण्याकडे येरवड्याचे नाव घेतात, मुंबईकडे ठाण्याचे, कोकणात रत्नागिरीचे. आमच्याकडे नागपूर. कुणी विचित्र वागू लागला की ‘याले नागपूरले न्या लागते’ हे वाक्य ठेवलेलेच असते, आणि ते ऐकून हसणाऱ्यांच्याही मनात कुठेतरी चर्र होते. नागपूरचे ते इस्पितळ १८६४ चे. मध्य प्रांत नावाचा कारभार सुरू होऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती. म्हणजे इंग्रजांनी इकडे जी पहिली काही कामे हाती घेतली त्यांत वेड्यांसाठी भिंत बांधणे हे एक होते. आज राज्यात अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. येरवड्याला २५४० खाटा, ठाण्याला १८५०, नागपूरला ९४० आणि रत्नागिरीला ३६५. झाडीतल्या खेड्यातून नागपूरला पोचलेला रुग्ण त्या ९४० पैकी एका खाटेवर जातो, आणि गावात त्याच्याविषयी बोलणे बंद होते.

दुसरे कारण पडद्यांचे. दिवाळीनंतर इकडे मंडया, म्हणजे गावजत्रा, भरू लागतात आणि वडशाच्या कंपन्यांची नाटके गावोगाव लागतात. रात्री उशिरा सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. ज्याने ही नाटके पाहिली आहेत त्याने रंगवलेले पडदे पाहिले आहेत. राजवाड्याचा पडदा, जंगलाचा पडदा, रस्त्याचा पडदा. झाडावर ऊन पडलेले दिसते तेही रंगाचेच असते. हे खोटे आहे अशी तक्रार झाडीचा प्रेक्षक करत नाही. पडदा सरकला की तो जंगलात असतो. म्हणूनच या प्रकारचा आद्य चित्रपट, ज्यापुढे शहरी प्रेक्षक आजही थोडा बिचकतो, तो आमच्या माणसाला अडखळायला लावणार नाही असे मला खात्रीने वाटते.

तो चित्रपट म्हणजे ‘द कॅबिनेट ऑफ डॉक्टर कॅलिगारी’. बर्लिन, २६ फेब्रुवारी १९२०. दिग्दर्शक रॉबर्ट वीने, पटकथा हान्स यानोविट्झ आणि कार्ल मायर यांची. हेरमान वार्म, वाल्टर रायमान आणि वाल्टर रोरिग या तिघांनी सारे गाव कापडावर रंगवले. तिरक्या चिमण्या, त्रिकोणी खिडक्या, सुरीसारखी टोके असलेले रस्ते. सावल्यासुद्धा रंगवलेल्या. जत्रेत कॅलिगारी नावाचा म्हातारा तंबू लावतो आणि लाकडी पेटीत झोपलेला सेझारे लोकांना दाखवतो. सेझारे कायम झोपेत असतो, मालकाच्या हुकमाने उठतो आणि भविष्य सांगतो. एक तरुण त्याला विचारतो की मी किती जगेन. पहाटेपर्यंत, असे उत्तर मिळते, आणि ते खरे ठरते.

खून, पाठलाग, पळवलेली मुलगी हे सगळे पुढे आहे. पण माझ्या मते चित्रपटाचा गाभा एका छोट्या प्रसंगात आहे. मेलेल्या तरुणाचा मित्र फ्रान्सिस कॅलिगारीचा माग काढत वेड्यांच्या इस्पितळापर्यंत येतो. या नावाचा कुणी रुग्ण इथे आहे का, असे विचारतो. कर्मचारी म्हणतात, ते आमच्या संचालकांनाच विचारा. त्याला संचालकांच्या खोलीत नेले जाते. पुस्तकांच्या ढिगामागून संचालक मान वर करतात, आणि तो कॅलिगारी असतो. ज्याला कोंडायला हवे त्याच्याच हाती कोंडण्याचा अधिकार. पुढे या प्रकारातल्या शेकडो चित्रपटांनी जे काही केले ते या एका खोलीतून निघाले आहे.

शेवट सर्वांना माहीत असतो, तरी त्यातली एक गोष्ट सहसा निसटते. अखेरीस कळते की फ्रान्सिसच त्या इस्पितळातला रुग्ण आहे, संचालक सज्जन आहेत आणि आपण पाहिली ती एका वेड्याची कहाणी होती. प्रेक्षक सुटकेचा श्वास घेतो. आता इस्पितळाच्या चौकाकडे नीट बघावे. फरशीवर मध्यापासून बाहेर फाकणारे पट्टे, मागे वाकड्या कमानी. वेड्याच्या कहाणीत हा चौक असाच होता. कहाणी संपली, शहाण्यांचे जग सुरू झाले, तरी चौक सरळ झालेला नाही. वाकडेपणा फ्रान्सिसच्या डोळ्यांत असता तर तो आता जायला हवा होता. संचालक चष्मा लावतात, रुग्णाला बरे करण्याचा मार्ग सापडला म्हणतात, आणि त्या चेहऱ्यावर विश्वास ठेवावा की नाही हे चित्रपट सांगत नाही.

वेड्याच्या कहाणीची ही चौकट आपल्यावर लादली गेली, मूळ कथा सत्तेविरुद्ध होती, असे यानोविट्झचे म्हणणे होते. चित्रपट समीक्षक झीगफ्रीड क्राकाउअरने १९४७ च्या आपल्या ग्रंथात ते उचलून धरले आणि कॅलिगारीपासून हिटलरपर्यंत एक रेघ ओढली. पुढे वेर्नर क्राउसकडची पटकथेची प्रत हाती आली तेव्हा तिच्यातही एक चौकट निघाली, वेगळी पण होतीच. त्यामुळे क्राकाउअरची रेघ जशीच्या तशी मान्य करता येत नाही. तरी इतिहासाने तिला जे पूरक पुरावे दिले ते थरकाप उडवणारे आहेत. झोपेत खून करणाऱ्या सेझारेची भूमिका करणारा कोनराड फाइट १९३३ मध्ये जर्मनी सोडून गेला. कॅलिगारी झालेला क्राउस मागे राहिला आणि १९४० मध्ये नाझींच्या सर्वांत विखारी ज्यूद्वेष्ट्या चित्रपटात त्याने भूमिका केल्या. आणि १९४० व १९४१ मध्ये त्याच देशात, मनोरुग्णालयांच्याच यादीवरून, डॉक्टरांच्याच सह्यांनी, ७० हजारांहून अधिक रुग्णांना विषारी वायूने मारण्यात आले. पडद्यावरच्या संचालकाने एका माणसाकडून खून करवले होते.

इथे गोव्याकडे वळायला हवे, कारण कॅलिगारीच्या संमोहनविद्येला खरे उत्तर गोव्यातल्या एका माणसाने शंभर वर्षे आधीच देऊन ठेवले होते. आबे फारिया, जन्म कांदोळी, १७५६. युरोपात जाऊन तो धर्मगुरू झाला आणि १८१३ पासून पॅरिसमध्ये लोकांना जाहीरपणे संमोहननिद्रेत नेऊ लागला. त्या काळी समज असा होता की निद्रा आणणाऱ्याच्या देहातून कसला तरी चुंबकीय द्रव निघतो आणि समोरच्याला ताब्यात घेतो. सगळी शक्ती मालकाची. फारियाने हे साफ नाकारले. त्याचे म्हणणे असे की झोप येते ती झोपणाऱ्याच्या स्वतःच्या मनातून, त्याच्या एकाग्रतेतून आणि विश्वासातून. समोर उभा असलेला फक्त निमित्त. १८१९ मध्ये तो वारला, त्याच वर्षी त्याचा या विषयावरचा ग्रंथ निघाला. तोवर १८१६ मध्ये पॅरिसच्या रंगभूमीवर त्याची टर उडवणारे नाटकही येऊन गेले होते. पुढे अलेक्झांडर ड्यूमाने त्याचे नाव ‘द काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’मधल्या कैद्याला दिले, आणि त्या कादंबरीतले तुरुंगाधिकारी त्या कैद्याला वेडाच समजतात.

पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी फारियाचा पुतळा आहे, रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला, १९४५ चा. पाय रोवून उभा असलेला, झग्याचे पट्टे वाऱ्यावर उडालेले, दोन्ही हात पुढे ताणलेले, आणि त्या हातांखाली मागे कोसळत जाणारी एक स्त्री. संध्याकाळच्या उजेडात हा पुतळा पाहणाऱ्याला तो कॅलिगारीच वाटेल. पुतळ्याने फारियाला मालक केले आहे, आणि फारियाचे सारे आयुष्य मालकाकडे शक्ती नसते हे सांगण्यात गेले. गोव्यातल्या मनोरुग्णालयालाही एके काळी याच माणसाचे नाव होते. या विषयावरचा मराठी किंवा कोकणी चित्रपट कुणाला करायचा असेल तर इतकी तयार सामग्री दुसरीकडे कुठे मिळणार?

आता जपानकडे. तेइनोसुके किनुगासाचा ‘अ पेज ऑफ मॅडनेस’, १९२६. मला हा चित्रपट कॅलिगारीपेक्षा मोठा वाटतो. एक म्हातारा, पूर्वीचा खलाशी, वेड्यांच्या इस्पितळात झाडलोट करायची नोकरी धरतो. कारण त्याची बायको आत आहे, आणि ती वेडी होण्यात आपला हात आहे हे त्याला ठाऊक आहे. एवढी कथा, तीही नीट सांगितलेली नाही. मूकपटात जागोजागी लिखित पाट्या येतात, इथे एकही नाही. सुरुवातीला पाऊस, पाण्याचे लोट, गजांवर आदळणारा उजेड, आणि एका कोठडीत नाचणारी बाई. ती भव्य रंगमंचावर नाचत असल्यासारखे दिसते, मग कॅमेरा मागे येतो आणि गज दिसतात. तिच्या कानात वाद्ये वाजत आहेत, कोठडीबाहेर फक्त पाऊस. थकून कोसळेपर्यंत ती नाचते.

शेवटाकडे म्हातारा रुग्णांच्या चेहऱ्यांवर हसरे मुखवटे चढवतो, नो नाट्यातले. बायकोच्या चेहऱ्यावरही चढवतो. त्याच्या मनातले हे सुख आहे, खरे काही बदललेले नाही. या म्हाताऱ्याकडे किल्ली आहे. तो बायकोला बाहेर काढू शकतो, तसा प्रयत्नही करतो, आणि तिला बाहेरचा अंधारच सोसवत नाही. किल्ली हाती असूनही दार उघडता न येणे, ही या प्रकारातली मला माहीत असलेली सर्वांत दुःखद जागा आहे. चित्रपटाच्या लेखनात यासुनारी कावाबाता होते, ज्यांना पुढे १९६८ मध्ये नोबेल मिळाले. प्रत हरवली ती चाळीसहून अधिक वर्षे, आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला खुद्द किनुगासाला ती आपल्याच घराच्या कोठारात सापडली.

पो, कॅरिंग्टन आणि श्वान्कमायर यांना पुढे स्वतंत्र लेख आहेत, म्हणून त्यांच्यातला धागा तेवढा दाखवतो. एडगर ॲलन पो याने १८४५ मध्ये एक कथा लिहिली. पाहुणा एका खासगी इस्पितळात जातो, मेजवानी झोडतो आणि त्याला उशिरा कळते की यजमान हे रुग्ण आहेत, खरे रखवालदार तळघरात कोंडलेले आहेत. या कथेवरून मेक्सिकोत हुआन लोपेझ मोक्तेझुमाने १९७३ मध्ये ‘द मॅन्शन ऑफ मॅडनेस’ केला आणि त्याच्या दृश्यरचनेत चित्रकार लिओनोरा कॅरिंग्टनचा हात होता. ही बाई १९४० मध्ये स्पेनमधल्या सांतांदेरच्या इस्पितळात स्वतः कोंडली गेली होती. आकडी आणणारी इंजेक्शने तिने सोसली आणि नंतर त्यावर पुस्तक लिहिले. तिच्या चित्रांतली स्वप्ने म्हणून हौसेची नाहीत. चेक दिग्दर्शक यान श्वान्कमायरने पोची तीच कथा मार्की द साद याच्या विचारांशी जोडून २००५ मध्ये ‘ल्यूनसी’ केला. त्यात आरंभी तो स्वतः पडद्यावर येऊन सांगतो की इस्पितळ चालवण्याच्या दोन रीती आहेत, मोकाट स्वातंत्र्याची आणि शिक्षेची, आणि तिसरी रीत दोन्हींतले वाईट तेवढे घेते. जिभा आणि मांसाचे तुकडे दृश्यांच्या मधून सरपटत जातात. ते किळसवाणे आहे, पण फुकाचे नाही.

एक तुलना इथेच नोंदवतो. फ्रेडरिक वाइजमनने १९६६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रिजवॉटरच्या इस्पितळात ‘टिटिकट फॉलीज’ हा माहितीपट चित्रित केला. नागवे ठेवलेले रुग्ण, नाकातून नळी घालून भरवलेले अन्न, खिदळणारे रखवालदार. न्यायालयाने तो सामान्य प्रेक्षकांना दाखवायला १९९१ पर्यंत बंदी ठेवली. त्याच काळात इस्पितळातले कल्पित भयपट खुशाल चालत होते. खरे दाखवणे वर्ज्य आणि दुःस्वप्न दाखवायला मुभा, अशी अवस्था असते तेव्हा दुःस्वप्नाला खऱ्याचे काम करावे लागते. या प्रकाराची गरज का पडली याचे हे उत्तर आहे.

आपल्याकडचे खरे काय होते? जुन्या कागदांत एक गोष्ट आहे, ती मला कुठल्याही भयपटाइतकी हादरवते. १८९३-९४ मध्ये सरकारने गांजा-भांगेच्या चौकशीसाठी आयोग नेमला. गांजाने माणूस वेडा होतो असा बोलबाला होता आणि पुरावा होता तो वेड्यांच्या इस्पितळांच्या नोंदवह्यांचा. आयोगाने त्या नोंदी कशा होतात हे पाहिले. पोलीस रस्त्यावरून कुणाला तरी धरून आणत, त्याचे गाव-घर माहीत नसे. सोबतच्या कागदात ‘वेडाचे कारण’ असा रकाना असे. तो रिकामा ठेवून चालत नसे, म्हणून हाताला येईल ते लिहिले जाई. बैरागी दिसला, गांजा ओढत असेल, लिहा गांजा. तेच इस्पितळाच्या वहीत उतरे, तिथून वार्षिक अहवालात, आणि अहवालातून सरकारी सत्य होई. १८९२ सालच्या दाखल रुग्णांची आयोगाने पुन्हा तपासणी केली तेव्हा गांजाच्या नावावर टाकलेल्या २२२ जणांपैकी ९८ जणांच्याच बाबतीत ते कारण मानण्याजोगे निघाले. उरलेल्या १२४ जणांना कशाने काय झाले होते हे विचारणारा कुणी नव्हता. किल्लीच्या आधी लेखणी येते. वाकड्या भिंती रंगवायला तीन चित्रकार लागले, इथे एका कारकुनाने एका शब्दात माणसाचे आयुष्य वाकवले.

मराठी रंगभूमीने मात्र वेडाशी सलगी केली ती बहुधा हसण्यातून. गडकऱ्यांचे ‘वेड्यांचा बाजार’ अपुरे राहिले. २३ जानेवारी १९१९ रोजी ते सावनेरला, आमच्या विदर्भातच, वारले. त्याच हिवाळ्यात तिकडे यानोविट्झ आणि मायर कॅलिगारी लिहीत होते. युद्धकाळाने पोळलेल्या त्या दोघांना डॉक्टरच्या कोटात राक्षस दिसला, इकडे वेड ही गमतीची बाब राहिली. मला ही आपली उणीव वाटते. वेड्याला हसणे सोपे असते, त्याला कोंडणाऱ्याकडे बघायला धीर लागतो.

तो धीर जवळजवळ दाखवणारा एक भारतीय चित्रपट आहे, आणि तो भयपट म्हणून कुणी ओळखत नाही. असित सेन यांचा ‘खामोशी’, १९६९, त्यांच्याच १९५९ च्या बंगाली चित्रपटावरून केलेला. मनोरुग्ण विभागातले ज्येष्ठ डॉक्टर प्रयोग म्हणून परिचारिकेला रुग्णाशी प्रेमाचे नाटक करायला लावतात. रुग्ण बरा होऊन निघून जातो. मग दुसरा रुग्ण, पुन्हा तेच नाटक. वहिदा रहमानची राधा नाटक करत नव्हती, हे डॉक्टरांच्या ध्यानात येते तेव्हा ती मोडून पडलेली असते आणि तिच्यावर त्याच इस्पितळात रुग्ण म्हणून दार बंद होते. काळ्यापांढऱ्या चित्रणात जिने, कठडे, लांब वऱ्हांडे असे दिसतात की गाण्यांची मोहिनी बाजूला ठेवली तर हा निखळ गॉथिक चित्रपट आहे. यातले डॉक्टर दुष्ट नाहीत, प्रेमळ आहेत. प्रेमळ माणसाच्या हातीही अनिर्बंध किल्ली नको, हे कॅलिगारीपेक्षा एक पाऊल पुढचे म्हणणे या हिंदी चित्रपटाने मांडले.

मराठीत सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी वेगळी वाट घेतली. ‘देवराई’ (२००४) मध्ये अतुल कुलकर्णींच्या शेषला स्किझोफ्रेनिया आहे. त्याला भास होतात, आणि तरीही चित्रपट त्याला घाबरत नाही. तो शेषच्या बहिणीच्या खांद्याशी उभा राहतो. ‘कासव’ नैराश्याविषयी आहे, त्याला २०१७ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळाले. त्याच्या निर्मितीत आणि भूमिकेत मोहन आगाशे आहेत, जे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत आणि ज्यांनी ‘घाशीराम कोतवाल’मधला नाना फडणवीस उभा केला. किल्लीची जबाबदारी आणि सत्तेची नशा, दोन्ही आतून जाणणारा असा नट दुसऱ्या कुठल्या भाषेत आहे मला ठाऊक नाही. या दोन्ही चित्रपटांत भिंत नाही, झाडे आणि समुद्र आहे. मराठीने भयाऐवजी सोबत निवडली, आणि या निवडीचा मला अभिमान आहे. तरी भयाचे कामही कुणीतरी करायला हवे. १८६४ च्या त्या नागपुरी भिंतीची, त्या नोंदवहीतल्या रकान्याची गोष्ट सोबतीच्या सुरात सांगता येणार नाही.

वाईट चित्रपटांविषयी बोलल्याशिवाय ही प्रस्तावना पुरी होत नाही. पिंजारलेले केस, वेडेवाकडे हसू, हातात सुरी, म्हणजे मनोरुग्ण, हे चित्र ज्यांनी पिकवले त्यांच्याबद्दल मला राग आहे. आमच्या भागात घरातले कुणी बोलेनासे झाले, रात्ररात्र जागू लागले, कुणीतरी मागावर आहे म्हणू लागले की आधी बाहेरची बाधा पाहतात. पुजारी होतो, मांत्रिक होतो, पैसे असले तर बुलढाण्याच्या सैलानी दर्ग्यापर्यंत फेरी होते. डॉक्टरचे नाव शेवटी निघते, आणि तेव्हाही घरची माणसे विचारतात ते विजेचे झटके देतात का, साखळीने बांधतात का. हे प्रश्न त्यांना सिनेमाने दिलेले असतात. आज झटक्यांचा उपचार भूल देऊन करतात, काही आजारांत तो जीव वाचवतो. भुलीशिवाय तो देणे आणि रुग्णाला साखळीने बांधणे या दोन्हींना २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनाई आहे. साखळी खरोखर कुठे होती ते ६ ऑगस्ट २००१ ला दिसले. तमिळनाडूत एरवाडीला दर्ग्याच्या आधाराने चालणाऱ्या एका छपराला आग लागली आणि बांधून ठेवलेले २८ जण पळू न शकल्याने मेले. तिथे इस्पितळ नव्हते, डॉक्टर नव्हता. म्हणून हे पुस्तक वाचणाऱ्याने एक भान ठेवावे. हे चित्रपट इस्पितळाकडे जाऊ नका असे सांगत नाहीत. आत गेलेल्या माणसाला विचारणारे कुणी बाहेर असले पाहिजे, एवढे ते सांगतात. त्या कायद्याने रुग्णाला दाद मागण्यासाठी पुनर्विलोकन मंडळांची तरतूद केली आहे. गावातल्या किती घरांना ती माहीत आहे?

पाहण्याचा क्रम ज्याचा त्याने ठरवावा. माझ्यापुरते म्हणाल तर आधी ‘खामोशी’ पुन्हा पाहावा, मग कॅलिगारी. २०१४ मध्ये मूळ निगेटिव्हवरून त्याची नवी प्रत झाली, तीच मिळवावी, कारण जुन्या धूसर प्रतींत रंगाचे फटकारे दिसतच नाहीत. ‘अ पेज ऑफ मॅडनेस’ मात्र एकट्याने फोनवर पाहू नये. जपानात मूकपटाच्या वेळी पडद्याशेजारी निवेदक उभा राहत असे. बेन्शी म्हणत त्याला. तो पात्रांचे आवाज काढी, कथा सांगे, प्रेक्षकांना रडवी. पाट्या नसलेला हा चित्रपट त्याच्या भरवशावर उभा होता. बेन्शीचे काम करू शकतील असे नट आमच्याकडे वडशाला आजही आहेत, रात्रभर हजारोंना जागे ठेवण्याची ताकद असलेले. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा या ताकदीची दखल दिल्लीने घेतली. एखाद्या मंडईच्या रात्री केशोरीच्या शाळेच्या मैदानात कापड ताणावे, किनुगासाचा तो तासाभराचा चित्रपट लावावा, आणि झाडीच्या नटाने बाजूला उभे राहून म्हाताऱ्याचे, त्याच्या बायकोचे आणि नाचणाऱ्या त्या बाईचे बोलणे झाडीबोलीत बोलावे. संहिता मी लिहायला घेतली आहे. कोठडीतल्या बाईच्या तोंडी काय घालायचे ते अजून ठरत नाही, बाकीचे जमते आहे.

केशोरी, ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया